कॉलमशेजारच्या रिकाम्या कोपऱ्यात फळ्या – कोणते ब्रॅकेट घ्यावेत?

रेणू_डोंबिवली
बेडरूमच्या दारामागे कॉलम पुढे आलाय. कॉलम आणि आडव्या भिंतीच्या मधली जागा वाया जातेय: रुंदी ३० इंच, आत १० इंच, उंची ७ फूट. पाच फळ्या हव्यात, पुस्तकं आणि जादाचा किराणा ठेवायला. शिवाय फ्रिजशेजारी ९ इंचांची फट आणि बाथरूमच्या दारावर दीड फूट जागा आहे. बजेट ३००० रु., सुतार नको, ड्रिल शेजारून मिळेल. ब्रॅकेट कोणते घेऊ? प्लाय की एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड)?

नाना_कडप्पा
कडप्पा टाका. ना वाळवी, ना ओल, ना पॉलिश. भिंतीत दीड इंच खाच मारायची, सिमेंटात बसवायचा, विषय संपला. आमच्याकडे स्वयंपाकघरभर तोच आहे.

सूतभर_कमी
नाना, एका बाजूला आरसीसी (आत सळया असलेल्या काँक्रीटचा) कॉलम आहे. त्यात खाच कोणीही मारू नये. सळईवरचं काँक्रीट उडालं की पाणी आणि हवा आत जाते, सळई गंजून फुगते आणि कॉलमच फुटायला लागतो. शिवाय २० मिमी कडप्पा चौरस फुटाला साधारण ५ किलो. पाच फळ्यांचे ५० किलो नुसते दगडाचेच.

रेणूताई, ब्रॅकेट घेऊच नका. तीन बाजूंना भिंत आहे, त्यामुळे १ बाय १ इंची लाकडी पट्टी मागे आणि दोन्ही बाजूंना ठोकायची, वर फळी नुसती ठेवायची. एका फळीला मागची ३० इंच, बाजूच्या ८-८ इंच, म्हणजे पाचांना २० फूट पट्टी पुरते. बाजूच्या पट्ट्यांचं पुढचं टोक तिरकं कापा, समोरून दिसत नाही.

हौशी_ठाणेकर
एमडीएफ नको, एचडीएचएमआर (तसाच पण जास्त घट्ट, ओल सोसणारा बोर्ड) घ्या. महाग आहे पण एकदाच खर्च. मी तर पूर्ण मॉड्युलर करून घेतलं, सॉफ्ट क्लोज. चाळीसात झालं.

रेणू_डोंबिवली
चाळीस हजार?

प्लायमास्तर
बजेट वाचत जा राव. १८ मिमी प्लाय घ्या. ३० बाय १० ची फळी म्हणजे २ चौरस फुटांहून थोडी जास्त, पाचांना साडेदहा. त्यासाठी ८ बाय ४ चा अख्खा शीट घेऊ नका, दुकानात तुकडे पडलेले असतात. बेडरूमला ३०३ नंबरचा (साधा, घरातल्या वापराचा) चालेल. बाथरूमच्या दारावर मात्र ७१० (मरीन, पाणी सोसणारा) च, वाफेने साधा प्लाय सुटतो. कापून घेताना वरचे रेषे फळीच्या लांबीत ठेवायला सांगा. दुकानदार तुकडा वाचवायला आडवा कापतो, मग तीच फळी लवकर वाकते.

मुलुंडची_माई
१८ मिमीला अनुमोदन. आणि माप तीन ठिकाणी घ्या, पुढे, मागे, मध्ये. प्लास्टर कधीच गुण्यात (काटकोनात) नसतं. प्रत्येक फळीच्या उंचीवर वेगळं माप. आधी पुठ्ठा कापून बसवून बघा, मग प्लाय एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी कापा. पाचही फळ्या एका मापाच्या कापल्या की दोन अडकतात आणि दोन डुगडुगतात.

गिट्टी_आठ_नंबर
खरी गोम ड्रिलिंगची आहे, ती कोणी बोलत नाही. कॉलमची बाजू काँक्रीट, समोरची भिंत बहुतेक ब्लॉकची. भोकातून पडणारी भुकटी बघा. लाल आली तर वीट, पांढुरकी आणि हलकी आली तर एएसी (हलका, सच्छिद्र सिमेंटचा) ब्लॉक, करडी आणि बिट पुढेच सरकत नसेल तर काँक्रीट. काँक्रीटला आणि विटेला हॅमर चालू, ब्लॉकला हॅमर बंद, नाहीतर ८ मिमीचं भोक १० चं होतं आणि गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकतात तो प्लास्टिकचा प्लग) गरगर फिरते. कॉलममध्ये मध्येच खणखण लागलं तर ती सळई, जोर लावू नका, इंचभर सरका.

आणि दोन इंची स्क्रू घेऊ नका. पट्टी २५ मिमी, प्लास्टर १५ मिमी, भिंतीत उरतो जेमतेम १० मिमी. ५ मिमी जाडीचा तीन इंची घ्या.

नाना_कडप्पा
गिट्टी सैल झाली तर काडेपेटीच्या काड्या भरायच्या. वर्षानुवर्षं टिकतं.

गिट्टी_आठ_नंबर
कॅलेंडर टांगायला टिकतं. तीन फूट पुस्तकं म्हणजे २५-३० किलो. ब्लॉकसाठी वेगळी लांब गिट्टी मिळते, तीच मागा.

हौशी_ठाणेकर
फ्रिजच्या फटीत चाकांचा उभा रॅक बसवा, तेलाचे डबे मस्त राहतात.

मुलुंडची_माई
तेल तिथे अजिबात नको. आजकालच्या बऱ्याच फ्रिजच्या बाजूच्या पत्र्याला गरम नळ्या चिकटवलेल्या असतात, हात लावून बघा. फ्रिजच्या पुस्तिकेत सांगितलेली जागा सोडा, उरलेल्यात सरकता रॅक. भिंतीला काही ठोकू नका, फ्रिज बाहेर काढताना अडतं.

प्लायमास्तर
बाथरूमच्या दारावर चौकटीच्या लगेच वर लिंटल (भिंतीचा भार घेणारी आडवी तुळई) असतो, तिथेही काँक्रीटच लागेल. बटणांच्या बोर्डाच्या सरळ वरच्या पट्ट्यात आणि गिझर-शॉवरच्या मागच्या भिंतीत भोक नको.

मुलुंडची_माई
कोपऱ्याची मागची भिंत बाहेरची असेल तर फळी आणि भिंत यांत दोन सूत फट ठेवा, पावसाळ्यात ओल येते. प्लायच्या कापलेल्या कडांना दोन हात प्रायमर. पाणी कडेतूनच शिरतं.

रेणू_डोंबिवली
सगळ्यांचे आभार. पट्ट्यांची पद्धत पक्की, मापं पुठ्ठ्यावर घेतली. पण प्लाय विकत घेत नाही. जुन्या दिवाणाच्या वरच्या फळ्या माळ्यावर पडून आहेत, १२ मिमी, त्याच कापणार. पट्ट्या, स्क्रू, गिट्ट्या मिळून हजाराच्या आत भागेल. फ्रिजची फट राहू दे.

प्लायमास्तर
१२ मिमी? इतकं सांगून? जाडी दीडपट केली की ताठपणा तिपटीहून जास्त वाढतो, तेवढा तुम्ही सोडताय. पुस्तकांखाली पोट येणारच.

सूतभर_कमी
येणार नाही, मागे पट्टी आहे. पुढच्या कडेला दीड इंची पट्टी उभी लावा, फेविकॉल आणि दर सहा इंचांवर स्क्रू. पुस्तकं खालच्या दोन फळ्यांवर, वर हलका किराणा. कापण्याआधी फळ्या उलट्या करून टोचून बघा. पोकळ लागली किंवा मातीच्या रेघा दिसल्या तर ती वाळवी, तो तुकडा घरात आणूच नका. दिवाणाला खिळे असतात, डोकी लांबी (पुट्टी) भरून झाकलेली. जाड चुंबक फिरवून सगळे उपसा, मगच करवत लावा.

नाना_कडप्पा
माळ्यावर फळ्या म्हणजे वाळवी असणारच. नंतर सांगू नका की बोललो नव्हतो.