डेझर्ट बिगहॉर्नची ट्रॉफी शिकार: पैसे मोजून एडका मारू द्यावा का?

रखरखाट:
लास वेगासहून हूवर डॅमकडे जाताना बोल्डर सिटी लागते, तिथल्या हेमेनवे पार्कच्या हिरवळीवर डेझर्ट बिगहॉर्न, म्हणजे वाळवंटी डोंगरातल्या जंगली मेंढ्या, चरायला उतरतात. इथले मराठी लोक पाहुण्यांना हमखास तिकडे नेतात. 1973 पासून हा नेवाडाचा अधिकृत राज्यप्राणी आहे. आणि त्याच प्राण्याच्या शिकारीचे टॅग, म्हणजे एकेक एडका मारायचे परवाने, तेच राज्य दरवर्षी काढतं हे कळलं की लोक हादरतात, परवा आमच्या ग्रुपवर यावरून जोरदार भांडण झालं, म्हणून इथे नीट मांडतो.

माझं मत: ही शिकार चालू राहावी. मी बंदूक धरत नाही आणि धरणारही नाही. पण व्यवस्था समजून घ्या. बहुतेक टॅग लॉटरीने जातात, लोक वर्षानुवर्षं अर्ज करतात आणि नंबर लागत नाही. ॲरिझोनात तर डेझर्ट बिगहॉर्नचा एडका आयुष्यात एकदाच मारता येतो. थोडेसे टॅग लिलावात जातात आणि तो पैसा मेंढ्यांच्याच कामाला लागतो: डोंगरात पाण्याच्या टाक्या बांधणं, कळप उचलून जुन्या डोंगरात परत सोडणं, हेलिकॉप्टरने मोजणी, आजाराच्या तपासण्या. रायफल आणि काडतुसांवर 1937 च्या कायद्याने 11 टक्के कर आहे तो वेगळाच, राज्याने एक डॉलर घातला की त्या करातून तीन डॉलर मिळतात. 1960 च्या सुमारास अमेरिकेत या जातीच्या सात-आठ हजार मेंढ्या उरल्या होत्या, 1993 पर्यंत आकडा एकोणीस हजारांच्या आसपास गेला. हे फुकट झालेलं नाही.

मृगनक्षत्र:
आकडे वाढले म्हणून मारणं योग्य ठरतं का? पाण्याची टाकी बांधायला पैसे हवेत हे मान्य, पण त्यासाठी डोंगरातला सगळ्यात देखणा एडका श्रीमंत माणसाच्या दिवाणखान्यात टांगायचा, हा सौदाच मला पटत नाही. 2013 मध्ये मोंटानाच्या एका टॅगला लिलावात 4 लाख 80 हजार डॉलर मिळाले (ती रॉकी माउंटन बिगहॉर्न, पण धंदा तोच). आणि गाईड घेऊन शिकार म्हणजे काय ते लिहिलंच नाही तुम्ही. हंगाम उघडण्याआधीच गाईडची माणसं डोंगर पालथा घालतात, स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची दुर्बीण) लावून एकेक एडका हेरून ठेवतात, शिंगाचा बुंधा किती जाड, वळसा पूर्ण झालाय का, टोकं झिजलीत का, सगळं आधीच ठरलेलं. गिऱ्हाईक येतं, त्याला चढवतात, रायफल टेकवून देतात, तो चाप ओढतो. मेक्सिकोत या पॅकेजला पन्नास हजार डॉलरच्या वर मोजतात. दोन डॉल, स्टोन, रॉकी आणि डेझर्ट अशा चारही मेंढ्यांचा ग्रँड स्लॅम पूर्ण करायचा असतो ना, त्यात डेझर्टवालीच मिळायला महाग.

टेकडीवाला:
ताई, एक दुरुस्ती, "दोन डॉल" नाही. डॉल, स्टोन, रॉकी माउंटन आणि डेझर्ट, एवढेच चार. बाकी गाईडचं वर्णन बरोबर आहे.

कडेकपारी:
मी रखरखाट यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. कळप बंदुकीने संपत नाहीत, न्यूमोनियाने संपतात. पाळीव मेंढ्या-शेळ्यांकडून मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू येतो. त्यांना विशेष काही होत नाही, पण जंगली कळपात शिरला की आधी मोठी जनावरं खोकून मरतात आणि नंतर कित्येक वर्षं कोकरं जगत नाहीत. 2013 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात, ओल्ड डॅड पीक डोंगराच्या कळपात हेच झालं. न्यू मेक्सिकोच्या सॅन आंद्रेस डोंगरात खरजेने एवढा कहर केला की 1997 मध्ये तिथे एकच मेंढी शिल्लक होती. एक! त्या राज्याने 1980 मध्ये ही मेंढी धोक्यातली ठरवली होती आणि 2011 मध्ये यादीतून काढली, मधल्या काळातल्या कामाला लिलावाच्या टॅगचा पैसा लागला. चराईचे हक्क असलेल्या मेंढपाळांना रीतसर पैसे देऊन शिकाऱ्यांच्या संघटनांनी पाळीव कळप बिगहॉर्नच्या डोंगरातून हलवायला लावले. हे काम दुसरं कोण करतंय सांगा.

आणि नुसत्या बंदीने काय होतं ते कॅलिफोर्नियात दिसतं. तिथे 1873 पासून शंभरच्या वर वर्षं शिकार बंद होती. तरी दक्षिणेकडच्या पेनिन्सुलर कळपांचे हाल असे झाले की अमेरिकेत जेमतेम पावणेतीनशे उरल्या आणि 1998 मध्ये त्यांना संकटग्रस्त जाहीर करावं लागलं. त्यांची शिकार आजही होत नाही. डेझर्ट बिगहॉर्नच्याच नेल्सन जातीची शिकार तिथे 1987 पासून सुरू झाली, कायद्याने वर्षाला प्रौढ एडक्यांच्या 15 टक्क्यांपेक्षा जास्त टॅग देताच येत नाहीत.

मृगनक्षत्र:
कडेकपारी, तुम्हीच सांगताय की खरा मारेकरी आजार आहे. मग आजारावर सरकारने करातून खर्च करावा, त्यासाठी एडका का विकायचा? 11 टक्के कराचं म्हणाल तर आज बंदूक घेणारे बहुतेक लोक शिकारीला जातच नाहीत, तरी त्याचं श्रेय शिकारी घेतात. आणि ॲरिझोनात कोफा अभयारण्य 1939 मध्ये झालं ते 1936 पासून बॉय स्काउटच्या पोरांनी मोहीम चालवली म्हणून. शाळकरी पोरांनी वाचवली मेंढी, लिलावाने नाही.

त्याच कोफाची पुढची गोष्ट. 2000 मध्ये तिथे आठशेच्या वर मेंढ्या होत्या, 2006 मध्ये 390. मग काय केलं? रानाचा भाग म्हणून कायद्याने राखलेल्या जागेत पाण्याच्या टाक्या बसवल्या, त्यावरून कोर्टकचेरी झाली आणि 2010 मध्ये अपील कोर्टाचा निकाल सरकारी खात्याच्या विरोधात गेला. शिवाय मेंढ्या खाणारे प्यूमा (तिकडचं मोठं रानमांजर) मारण्याचं प्रकरण. न्यू मेक्सिकोतही मेंढ्या वाढाव्यात म्हणून प्यूमा मारले. एका प्राण्याला बाजारभाव आला की त्याच्या वाटेत येणारा दुसरा प्राणी नकोसा होतो, याची मला जास्त भीती वाटते. डोंगर हा गोठा नाही.

वाळूचं_घड्याळ:
शिंगांचं पण बोला की. कॅनडात अल्बर्टामधल्या राम माउंटनच्या बिगहॉर्नवर 2003 मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर आला होता, मोठ्या शिंगांचे एडके वर्षानुवर्षं टिपले गेल्याने पुढच्या पिढ्यांची शिंगं लहान होत गेली. भरभर शिंग वाढणारा एडका माजावर येऊन भरपूर पोरं घालायच्या आतच गोळी खातो. म्हणजे ज्याला ट्रॉफी म्हणून मारताय तीच चीज तुम्ही संपवताय.

कडेकपारी:
तो पेपर भक्कम आहे, पण तिथे नियम असा होता की शिंग ठरावीक मापाचं झालं की एडका मारायला मोकळा, आणि तिथल्या रहिवाशांना परवान्यांची मर्यादा नव्हती. नेवाडा-ॲरिझोनात डोंगरागणिक मोजून टॅग देतात. दोन्हीला एकच माप लावू नका.

आणि ताई, प्यूमाबद्दल: एका डोंगरात वीस-पंचवीस मेंढ्या आणून सोडल्या आणि मेंढीची चटक लागलेला एखादाच प्यूमा तिथे असला तर कळप उभाच राहत नाही. मला प्यूमा मारलेला आवडतो असं नाही, पण कळप तुटके आहेत, मध्ये हायवे, कालवे, कुंपणं आहेत, शेजारच्या डोंगरातून नव्या मेंढ्या चालत येऊ शकत नाहीत. पूर्वीसारखं निसर्गावर सोडून द्यायला पूर्वीचा निसर्ग राहिलाय कुठे?

काठावरची:
तुम्ही सगळे अमेरिकेतच फिरताय, मला टिबुरोन बेटाबद्दल लिहायचंय कारण माझं मत तिथल्या गोष्टीवरून बनलंय. मेक्सिकोच्या सोनोरा राज्याजवळ, कॅलिफोर्नियाच्या आखातात हे बेट आहे, मेक्सिकोतलं सगळ्यात मोठं. सेरी लोकांचं, ते स्वतःला कोमकाक म्हणतात. 1963 मध्ये सरकारने ते अभयारण्य केलं आणि 1975 मध्ये मालकी सेरींना परत दिली. त्याच वर्षी मुख्य भूमीवरून 20 बिगहॉर्न तिथे सोडल्या, 16 माद्या आणि 4 नर. बेटावर प्यूमा नाही. 1990 च्या दशकात त्या वीसच्या सुमारे पाचशे झाल्या! मग शिकारीचे मोजके परवाने लिलावात काढायला सुरुवात झाली, काहींना लाखाच्या वर डॉलर आले, पैसा सेरी समाजाकडे आणि बेट सांभाळण्याकडे गेला. तिथूनच मेंढ्या पकडून मुख्य भूमीवर, जिथे त्या संपल्या होत्या तिथे, परत सोडल्या. पुढे बेटावरच्या एका गुहेत बिगहॉर्नच्या सुमारे दीड हजार वर्षं जुन्या लेंड्या सापडल्या, म्हणजे आणून सोडलेला पाहुणा समजत होते तो प्राणी तिथला जुना रहिवासीच निघाला.

मृगनक्षत्र, तुमचा राग श्रीमंताच्या दिवाणखान्यावर आहे, तो मला समजतो. पण ज्यांचं बेट आहे त्यांनी, फार थोड्या उत्पन्नाच्या माणसांनी, वर्षाला मोजके एडके द्यायचे आणि बाकीचे राखायचे असं ठरवलं तर आपण लांबून कोण नको म्हणणारे? उलट मेक्सिकोच्याच बाहा कॅलिफोर्निया राज्यात 1990 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने शिकार बंद केली. त्याखालच्याच बाहा कॅलिफोर्निया सूरमध्ये मात्र एहिदो, म्हणजे सामाईक जमिनीची गावं, परवान्यावर शिकार करू देतात आणि त्यातून रखवालदार ठेवतात. चोरट्या शिकाऱ्याला कोण अडवतं? ज्याच्या पोटाचा त्या मेंढीशी संबंध आहे तो अडवतो.

टेकडीवाला:
हे भारतात आणू नका म्हणजे झालं.

रखरखाट:
भारतात 1972 च्या कायद्याने बंद आहे आणि ते बंदच राहावं, मी तशी मागणी करत नाहीये. तिथली जंगलं, माणसांची दाटी, रेकॉर्ड वेगळं. नेवाडात आहे ती व्यवस्था मोडू नका एवढंच म्हणतो.

मृगनक्षत्र:
काठावरची, सेरींच्या निर्णयाबद्दल मला बोलायचा अधिकार नाही, त्यांचं बेट त्यांचा हक्क. माझा आक्षेप सरकारी जमिनीवरच्या लिलावाला आहे. तो डोंगर सगळ्यांचा, एडका सगळ्यांचा, मग ज्याच्याकडे जास्त पैसा त्याला रांगेच्या पुढे का पाठवायचं? लॉटरीत वीस-वीस वर्षं अर्ज करणारा गवंडी किंवा ट्रक ड्रायव्हर मागेच राहतो. निदान लिलाव बंद करा. आणि ज्या कळपात कोकरं जगत नाहीयेत तिथले टॅग त्या वर्षी शून्य करा, गाईडवाल्यांचं बुकिंग झालेलं असलं तरी.

रखरखाट:
कोकरं जगत नसतील तिथे टॅग शून्य, हे मला शंभर टक्के मंजूर. लिलाव मात्र नाही सोडणार. रांग मोडते हे खरंय, पण बहुतेक टॅग लॉटरीतच राहतात, लिलावाचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि एका लिलावाच्या टॅगमध्ये जेवढा पैसा येतो तेवढा लॉटरीच्या फीमधून यायला किती अर्ज लागतील ते बघा. सरकारी करातून द्या म्हणता, तर नेवाडाच्या विधिमंडळाने मेंढ्यांसाठी दरवर्षी वेगळी रक्कम मंजूर करावी असा अर्ज तुम्ही लिहा, मी पहिली सही करतो. ती रक्कम प्रत्यक्ष खात्यात जमा झाली की मग लिलावाचं बोलू.