पोट दाबून कोण बघणार? व्हिडिओवरच्या डॉक्टरकीबद्दल तुमचं मत काय?

मंगळवारपेठकर
माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. ओळखीच्या डॉक्टरला जुन्या दुखण्याबद्दल फोन करणं वेगळं आणि कधी तोंड न बघितलेल्या डॉक्टरला ॲपवर पैसे भरून नवं दुखणं दाखवणं वेगळं. पहिल्याला माझी हरकत नाही. दुसरं उद्या बंद झालं तरी माझं काही अडत नाही.

निमित्त आमच्या आबांचं. रात्रीपासून बेंबीभोवती कळ येत होती, मळमळ होती. त्यात रविवार. धाकट्यानं एका ॲपवर डॉक्टर लावून दिला. (नाव लिहीत नाही, उगाच नोटीस यायची.) फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला, आबा पलंगावर आडवे. डॉक्टर सभ्य होता, पण बोलणार हिंदीतून. आबांचं प्रत्येक प्रश्नाला "हां, हां". मग तो म्हणाला, स्वतःच्या हातानं पोट दाबून कुठं दुखतंय ते सांगा. आबांनी दाबलं आणि म्हणाले, "दाबल्यावर दुखणारच की!" सगळे हसले. ॲसिडिटीच्या गोळ्या आणि तपासण्यांची लांबलचक यादी मोबाईलवर आली.

सकाळपर्यंत कळ उजवीकडं खाली सरकली होती. गल्लीच्या तोंडावरच्या आमच्या डॉक्टरांनी तिथं हळूच दाबलं आणि एकदम हात सोडला. आबा कळवळले. डॉक्टरांनी तिथूनच सर्जनला फोन लावला. अपेंडिक्स. ऑपरेशन झालं, आबा ठणठणीत आहेत, पांढऱ्या रश्श्याची मागणी सुरू झाली आहे.

ॲपवाल्याला मी मूर्ख म्हणत नाही. अपेंडिक्सचं दुखणं बऱ्याचदा बेंबीपाशीच सुरू होतं, मग खाली उतरतं, हे मला नंतर सर्जननीच सांगितलं. पण हात लावल्याशिवाय जे कळत नाही, ते काचेतून कळल्यासारखं दाखवून पूर्ण फी घ्यायची, हे मला पटत नाही. बोला आता.

गगनबावडेकरीण
दादा, आबा बरे झाले हे वाचून बरं वाटलं. आता भांडते.

गल्लीच्या तोंडावर डॉक्टर असला की असली मतं परवडतात. आमच्यापासून कोल्हापूर 55 किलोमीटर. पावसाळ्यात मांडुकली, किरवे इथं रस्त्यावर पाणी आलं की एसटी बंद. 2019 च्या महापुरात तर तुमच्याच शहरात गाडी शिरत नव्हती, 2021 ला परत तेच. आमचं कोण विचारतो!

सासूबाईंना साखर आहे. गेल्या पावसाळ्यात चिखलात पायाला काहीतरी लागलं, त्यांना कळलंच नाही. तळव्याला बधिरपणा आहे. मी फरशीवर डाग बघितला तेव्हा समजलं. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोटो पाठवला. ते म्हणाले, बल्बखाली नको, दारात उजेडाला बसवून परत काढा. मग विचारलं, ताप आहे का, जखमेला वास येतो का, दुसऱ्या पायापेक्षा हा पाय गरम लागतो का. आणि म्हणाले, लाली जिथं संपते तिथून बॉलपेननं रेघ ओढा. उद्या त्याच जागी बसवून परत फोटो. रेघेच्या बाहेर लाली गेली किंवा ताप आला, तर काहीही करून 108 बोलवायची, वाट बघायची नाही.

लाली रेघेच्या आतच राहिली. उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम येऊन ड्रेसिंग करायच्या, साखर मोजायच्या, आकडा मी डॉक्टरांना कळवायचे. पाणी ओसरल्यावर दाखवून आलो, तोवर जखम भरत आली होती.

हे तुमच्या पहिल्या खात्यात बसलं, ओळखीचा डॉक्टर, जुनं दुखणं. आता दुसऱ्याचं सांगते. दिरांच्या अंगावर चट्टे उठले होते. उपकेंद्रातून ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ-डॉक्टर सेवेवर, डॉक्टर जोडून दिला, कुठला कोण, आजपर्यंत माहीत नाही. मॅडमनी टाचणी टोचून, कापूस फिरवून चट्ट्यावर कळतंय का ते बघितलं आणि त्या डॉक्टरला सांगितलं. गजकर्ण निघालं. मलम दिलं, गेलं. एक रुपया लागला नाही.

मंगळवारपेठकर
ताई, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलं. पायाजवळ कोण होतं? सीएचओ मॅडम. चट्ट्याला कापूस कुणी लावला? त्यांनीच. आमच्या आबांजवळ होता माझा भाऊ, तो बीकॉम आहे.

राजारामपुरी ओपीडी
पंचवीसेक वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय, म्हणून दोन्ही बाजूंनी थोडं.

फोनवर औषध सांगायला आम्ही घाबरायचो, त्याला कारण होतं. 2018 मध्ये रत्नागिरीत प्रसूतीनंतरच्या रुग्णाला डॉक्टर हजर नसताना फोनवरून औषधं सांगितल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला होता. त्यानंतर बरेच जण फोनवर पॅरासिटामॉल सांगतानासुद्धा दोनदा विचार करायचे. मग कोविड आला आणि 25 मार्च 2020 ला केंद्रानं टेलिमेडिसिनचे नियम काढले. आज जे चाललंय ते त्यांच्यावर.

त्यात मंगळवारपेठकरांचा फरक बऱ्यापैकी धरलेला आहे. पहिल्यांदाच बोलणारा पेशंट असेल आणि नुसता फोन किंवा मेसेज असेल, तर काउंटरवर मिळणारी साधी औषधंच सांगता येतात. व्हिडिओ असेल तर थोडी पुढची. आणि तोच आजार, सहा महिन्यांच्या आत समोरासमोर तपासलेला, तर फॉलोअप म्हणून चालू औषधात भर घालता येते. नार्कोटिक कायद्याखाली येणारी बहुतेक औषधं, त्यात काही झोपेच्या गोळ्याही आल्या, ती फोनवर नाहीत म्हणजे नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवाच. आणि "हे मला असं कळणार नाही, प्रत्यक्ष दाखवा" म्हणायचा अधिकार डॉक्टरला कधीही आहे. नव्या पोटदुखीला मी तो दर वेळी वापरतो. आबांच्या बाबतीत तिथंच घोडं अडलं.

आता माझी तक्रार ऐका. रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर जिभेचा फोटो येतो. "डॉक्टर, एकच विचारायचं होतं." त्या एकाचे सात होतात. सकाळी दवाखान्यात तोच माणूस केसपेपरचे पैसे मुकाट्यानं देतो, पण फोनची फी सांगितली की, "नुसतं बोललात की हो!" नुसतं बोलायलाच मी शिकलोय का?

मेडिकलवाला मामा
काउंटरच्या अलीकडून बघा जरा. माझ्याकडं चिठ्ठी येते ती स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट. वरची तारीख कापलेली, खाली नंबर नाही, सही म्हणजे एक किडा. विचारलं तर, "मामा, डॉक्टरनीच पाठवलंय." गेल्या महिन्यात एकाच चिठ्ठीवर मावशी आणि त्यांची जाऊ दोघींनी अँटिबायोटिक मागितलं. दोघींना खोकलाच की! मी दिलं नाही, तर पुढच्या दुकानात मिळालं.

आणि ही फोनवरची डॉक्टरकी नवी म्हणू नका. "मामा, पोरगं तापानं फणफणलंय, काय देऊ?" हा फोन मला ॲप यायच्या आधीपासून येतोय. त्यापेक्षा ॲपवर का होईना, शिकलेला डॉक्टर बरा.

पुण्यातला कोल्हापुरी
मी व्हिडिओच्या बाजूनं. आई एकटी शाहूपुरीत, मी हिंजवडीत. आधी ती दवाखान्यात जाऊन यायची आणि मला रिपोर्ट मिळायचा, "डॉक्टर म्हणाले सगळं बरं आहे." गोळी का बदलली, कुठली बंद केली, काही पत्ता नाही. आता बीपीचा फॉलोअप व्हिडिओवर असतो, मी पण त्यात असतो. डॉक्टर तिला मोजायला लावतात. पाच मिनिटं शांत बस, पाठ टेकव, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि मोजताना बोलायचं नाही. गेल्या खेपेला ती मोजता मोजता दूधवाल्याशी बोलत होती, आकडा चढलेला. डॉक्टरांनी परत मोजायला लावलं, नॉर्मल आला. दवाखान्याच्या गर्दीत एवढा निवांतपणा कुठं?

आजरा घनसाळ
भाऊ, तुम्ही त्या कॉलमध्ये असता हे तुम्हाला फायद्याचं वाटतं. आईंना विचारलंय का?

आमच्या सासरी फोन एकच, तो सुनेच्या नाहीतर मुलाच्या हातात. बाईला पांढरं जातंय, खोकलं की लघवी होतेय, हे मुलानं धरलेल्या फोनपुढं कोण सांगेल? "गुडघे दुखतात" म्हणून सांगतात आणि गुडघ्याच्या गोळ्या घेऊन गप्प बसतात. माझ्या जावेनं तसं वर्ष काढलं. आजऱ्याला ग्रामीण रुग्णालयात एकटीला आत घेतल्यावर पहिल्या वाक्यात खरं बोलली. तपासणीच्या खोलीचं दार बंद होतं, ही सोय मोबाईलला नाही.

पुण्यातला कोल्हापुरी
हे मी धरलंच नव्हतं. पुढच्या वेळी सुरुवातीची दहा मिनिटं कॉलमधून बाहेर राहतो. पण उलट बाजूही आहे ना? माझ्या एका मित्राला झोप लागत नव्हती, जीव घाबरा व्हायचा. कोल्हापुरात मानसोपचाराच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढायच्या म्हणजे चौकात चारजण विचारणार, "काय रे, इकडं कुठं?" तो टेलिमानसला, 14416 ला बोलला. सरकारी सेवा आहे, 2022 पासून सुरू, फुकट. दोन-तीनदा बोलल्यावर त्यांनीच समजावून प्रत्यक्ष डॉक्टरकडं पाठवला. फोन नसता तर गेलाच नसता.

शाहूवाडीचा
एक गोष्ट चर्चेत न आणता पाळा. साप चावला तर फोनवर सल्ला घेत बसू नका. मण्यार झोपेत चावते, दुखत नाही, सूज नाही, खूणही धड दिसत नाही. व्हिडिओवर माणूस अगदी बरा दिसतो. पापण्या जड व्हायला, श्वास अडायला काही तास जातात, आणि तेच तास दवाखान्यात पोचायचे असतात. सापाचा फोटो काढायलाही मागं पळू नका. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर एकच आहे. फोन करायचा तो 108 ला.

मंगळवारपेठकर
सगळं वाचलं. डॉक्टरसाहेब, फीचं तुमचं मान्य, ओळखीच्या डॉक्टरला फोनचे पैसे मी देईन आणि गल्लीत इतरांनाही सांगेन. पण ॲपवाल्यांना तुमचे नियम माहीत नसतील असं नाही. आबांच्या चिठ्ठीवर आत्ता परत बघितलं, नोंदणी क्रमांक नाही. मागितलाय.

आणि गगनबावड्याच्या ताईंना एक. मला भीती वेगळीच आहे. फोनवर भागतंय म्हटल्यावर प्राथमिक केंद्रातली रिकामी जागा भरायची घाई कुणाला राहील? "व्हिडिओ आहे की" म्हणून तुमचीच बोळवण करतील. सीपीआरला, आमच्या सरकारी दवाखान्यात, गर्दी कमी झाली म्हणून वर पाठ थोपटून घेतील.

गगनबावडेकरीण
भीती खरी आहे, आम्ही ती तुमच्याआधी बघितली आहे. पण जागा भरेपर्यंत साखर थांबत नाही. आणि मागायचंच असेल तर नुसता डॉक्टर मागून भागत नाही, उपकेंद्रातल्या मॅडमची बदली झाली की दुसरी वेळेत यावी आणि लाईट गेल्यावर टॉवर बंद पडू नये, हेही मागा. गेल्या पावसाळ्यात रेंज बघायला मी देवळाच्या ओट्यावर छत्री धरून उभी राहायचे. तुमच्या पेठेतला आवाज वरपर्यंत लवकर जातो, तेवढं करा.

मंगळवारपेठकर
पेठेचा आवाज फुटबॉलला जातो ताई, आरोग्य खात्याला नाही. पण बघतो.

पुण्यातला कोल्हापुरी
डॉक्टर, जरा विषयांतर. आईसाठी नवं बीपी मशीन घ्यायचंय. मनगटावरचं सुटसुटीत वाटतंय, चालेल का?

राजारामपुरी ओपीडी
दंडाचं घ्या. मनगटाचं हात जरा वरखाली झाला की आकडा बदलतं. पट्टा दंडाच्या मापाचा बघा, आणि आणल्यावर एकदा दवाखान्यात घेऊन या, माझ्या मशीनशी लावून बघू. याचे पैसे नाहीत.