दुसऱ्या लाटेची वर्दी अमरावतीने दिली होती

वऱ्हाडकर : महाराष्ट्रातल्या करोनाचा विषय निघाला की गोष्ट ९ मार्च २०२० ला पुण्यात सुरू होते, धारावीतून जाते आणि मुंबईच्या वॉर रूमचं (रुग्णांना बेड ठरवून देणाऱ्या पालिकेच्या कक्षांचं) कौतुक करून संपते. माझं म्हणणं वेगळं आहे. राज्याने सगळ्यात मोठी चूक केली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. अमरावती, अकोला, यवतमाळमध्ये रुग्ण भराभर वाढत होते. घरातला एक पॉझिटिव्ह निघाला की मागोमाग अख्खं घर आजारी पडायचं. २०२० मध्ये आमच्याकडे असं फारसं दिसलं नव्हतं. पण ‘विदर्भात काहीतरी वाढलंय’ एवढ्यावर विषय मिटला. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांवर रुग्ण सापडले. मधले दोन महिने ऑक्सिजन आणि बेडच्या तयारीला पुरले असते.

लोअर परळ : साफ अमान्य. २१ फेब्रुवारीला मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी ‘मी जबाबदार’ मोहीम जाहीर केली, दुसऱ्या दिवसापासून अमरावतीत लॉकडाऊन लागला. याला दुर्लक्ष म्हणायचं का? आणि तेव्हा ‘पुन्हा टाळेबंदी कशाला’ अशी ओरड आपल्यातल्याच लोकांनी केली. जानेवारीत ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, लग्नं धुमधडाक्यात लागली. शिवाय विषाणू बदललाय हे राज्याला कळणार कसं? ‘डबल म्युटंट’बद्दल, म्हणजे दोन बदल एकत्र असलेल्या विषाणूबद्दल, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने जाहीर सांगितलं ते २४ मार्चला. या नव्या प्रकाराला डेल्टा हे नाव तर ३१ मेला मिळालं.

वऱ्हाडकर : ऑक्सिजनची टाकी बसवायला विषाणूचं नाव कशाला लागतं? लॉकडाऊन लावला, पण त्यासोबत दवाखाना वाढवला का, हा माझा प्रश्न आहे. आमच्या तालुक्यात स्वॅब घेतला की तो जिल्ह्याला जायचा. रिपोर्ट येईपर्यंत माणूस घरातच, सगळ्यांसोबत एका पंगतीत. माझ्या काकांचा रिपोर्ट हातात पडला तेव्हा बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन ८२ वर घसरलेला दाखवत होतं. मग गाडी करून जिल्ह्याच्या गावी. तिथल्या खासगी दवाखान्यात आधी छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर विचारला, मग रेमडेसिव्हिर इंजेक्शनची चिठ्ठी हातात दिली : तुम्हीच आणा. काका गेले. अशी घरं आमच्या गल्लीत आणखीही आहेत.

आकडेमोड : काकांबद्दल वाईट वाटलं. पण ‘महाराष्ट्र सर्वात अपयशी’ असा सूर लागतो तो मला पटत नाही. ८१ लाखांवर रुग्ण आणि १ लाख ४८ हजारांवर मृत्यू हे आकडे देशात सर्वाधिक आहेत, कारण इथे दाट वस्ती आहे, विमानतळ आहेत आणि नोंदही होते. जून २०२१ मध्ये जुने राहिलेले मृत्यू राज्याने यादीत घातले, आकडा फुगेल हे माहीत असूनही.

वॉर्डातली परिचारिका : मी मुंबईत वॉर्डाच्या वॉर रूममध्ये फोनवर होते. लॅबचा पॉझिटिव्ह रिपोर्ट आधी पालिकेकडे यायचा, मग रुग्णाला फोन आम्ही करायचो. घरात संडास वेगळा आहे का, दम लागतो का, एवढं विचारून बेड ठरायचा. २४ वॉर्डांत काम वाटलेलं असल्यामुळे एका ठिकाणी गर्दी तुंबली नाही. पण यामागे पालिकेचा पैसा होता, केईएम-सायन-नायरसारखी रुग्णालयं होती, वरळीपासून मुलुंडपर्यंत जम्बो केंद्रं (तात्पुरती मोठी कोविड रुग्णालयं) होती. तालुक्याने हे कशाच्या जोरावर करायचं? वऱ्हाडकरांचा राग मला समजतो, त्यांचा निष्कर्ष नाही.

वऱ्हाडकर : नंदुरबारने केलं ना. आदिवासी जिल्हा, गरीब. जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी पहिली लाट ओसरल्यावरही थांबून न राहता ऑक्सिजन प्रकल्प उभारले. राज्य ऑक्सिजनच्या टँकरची वाट पाहत होतं तेव्हा तिथे स्वतःची सोय होती. आणि नाशिकला २१ एप्रिलला पालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, दाब पडला आणि किमान २२ जण गेले.

लोअर परळ : नंदुरबारचं उदाहरण मला नाकारता येत नाही. पण ते एका अधिकाऱ्याने जिल्हा नियोजनाचा निधी, आपत्ती निधी, कंपन्यांचा सामाजिक निधी जुळवून केलं. बाकी जिल्ह्यांत तो निधी नव्हता असं नाही. मग दोष मंत्रालयाचाच कसा? तुमच्या पालकमंत्र्यांना, जिल्हा परिषदेला कुणी विचारलं?

वऱ्हाडकर : विचारलं. निवेदन दिलं, पोच घेतली. सूचना ‘वरून’ आली नाही, असं उत्तर मिळालं. म्हणून मी मंत्रालयाचं नाव घेतोय.