निकालाआधीची गोष्ट

"मुली जात्याच अभ्यासू, म्हणून दहावी-बारावीला दरवर्षी पुढे" असं इथल्या चर्चेत दोघा-तिघांनी लिहिलंय. अभ्यासू आहेतच. पण आमच्या बीडकडे आधी शाळेपर्यंत पोचायचा प्रश्न असतो. गावात सातवीपुढे वर्ग नाहीत. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातली, मुलींना शाळेत नेणारी निळी एसटी फाट्यावर थांबायला लागली, पास फुकट मिळाला, तेव्हा कुठे पोरी आठवीत गेल्या. माझी पुतणी तो पास प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कंपासपेटीत ठेवायची. बस हुकली की त्या दिवशीची शाळा बुडाली. एकटीला चालत कोण सोडणार?

पाण्याचंही तेच. २०१६च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात टँकरपुढे घागरी घेऊन कोण उभं होतं, आठवा. पोरीच.

आणि ऊसतोड! उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास कारखान्याला जातात. धाकट्यांना सांभाळायला थोरली सोबत, नाहीतर मागे कुणापाशी ठेवायची या धास्तीने तिचं लग्नच उरकतात. त्यात ऊसतोडीच्या मजुरीचा हिशोब जोडीवर, नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणूनही लग्नाची घाई. अशी मुलगी परीक्षेलाच बसत नाही, मग निकालात कुठून दिसणार? म्हणून मी टक्केवारीआधी विचारते, ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांना गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं का?