मदत हवी आहे: वडिलांच्या वहीत 'बीएनओ ४', 'बायपास +' लिहिलंय, म्हणजे काय? रात्री ८ च्या आत सांगा

घाईतली (सायं. ५:४०)
वडील घरी आहेत, लालबागला. दिवसाच्या सिस्टर दुपारी गावी गेल्या, पनवेल सोडल्यापासून फोन लागत नाही. रात्री ८ ला ब्यूरोकडून नवीन मावशी येतील. त्यांना वही वाचून समजवायची आहे आणि मलाच कळत नाहीये. सिस्टरनी इंग्रजीत लिहिलंय, मी उतरवून देते:

फॉलीज १६ इन सिटू. इनटेक ९००. यूओ २२०. बायपास +. बीएनओ ४. स्मिअर ++. पी/ए डिस्ट. एसओएस इन्फॉर्म.

गूगलवर बायपास टाकलं की हृदयाचं ऑपरेशन येतं. 'डॉक्टरांना विचारा' कृपया लिहू नका, डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत, निरोप ठेवलाय.

उनाड_पाखरू (५:४६)
वय? कॅथेटर (लघवीची नळी) कशासाठी घातलंय? २२० किती तासांचे? काहीच लिहिलं नाहीत तर कोण काय सांगणार.

खारदांडा (५:४८)
स्मिअर म्हणजे पॅप स्मिअर. बायकांची तपासणी असते.

उनाड_पाखरू (५:४९)
@खारदांडा, वडील आहेत हो.

निवांत_काका (५:५५)
पोटाचं काही असो, रात्री कोमट पाण्यातून दोन चमचे इसबगोल. वीस वर्षं घेतोय, घड्याळ लावून पोट साफ. सकाळी पायाखाली छोटं स्टूल ठेवून उकिडवं बसल्यासारखं बसवा. आपल्या पूर्वजांना हे कळत होतं. कमोड आला आणि सगळा घोळ झाला.

जुनी_सिस्टर (६:०२)
ताई, आधी अर्थ सांगते. पालिकेच्या रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत.

फॉलीज १६ म्हणजे लघवीची नळी, जाडी १६ फ्रेंच. ३ फ्रेंचचा १ मिलीमीटर, म्हणजे साधारण सव्वापाच मिमी. आतल्या टोकाला पाण्याने फुगवलेला फुगा असतो, त्यावर ती टिकते, म्हणून कोणीही ओढायची नाही. इन सिटू म्हणजे जागेवर आहे. इनटेक म्हणजे पाणी, चहा, पेज, सूप सगळं मिळून ९०० मिली पोटात गेलं. यूओ म्हणजे युरिन आउटपुट, बॅगेत २२० मिली जमली. बायपास म्हणजे लघवी नळीतून न येता नळीच्या कडेने बाहेर येतेय. बीएनओ म्हणजे 'बॉवेल्स नॉट ओपन', ४ म्हणजे चार दिवस संडास नाही. स्मिअर म्हणजे डायपरला किंवा चादरीला लागलेला नुसता डाग. पी/ए डिस्ट म्हणजे पोट फुगलंय. एसओएस म्हणजे गरज वाटली की कळवा.

आता वरच्या पाखराचेच प्रश्न मीही विचारते. २२० बारा तासांचे की चोवीस? मध्ये कोणी बॅग रिकामी केली होती का? वजन किती? अंडरपॅड ओलं आहे का?

घाईतली (६:१५)
सकाळी ८ ते दुपारी २ सिस्टरनी मोजलं असेल बहुतेक. नाही, थांबा, वर रात्रीपासून लिहिलंय, म्हणजे बारा तास. बॅग मध्ये कोणी रिकामी केली नाही. वजन ६० च्या आसपास. अंडरपॅड हो, ओलं, दोन बदलले.
म्हणजे स्मिअर ++ म्हणजे जुलाबच ना? पातळ आहे, पाण्यासारखं. घरात जुलाब थांबायची गोळी आहे, आई म्हणते देऊन टाक. देऊ?

जुनी_सिस्टर (६:१७)
नाही. ती गोळी अजिबात देऊ नका.
चार दिवस संडास नाही, पोट फुगलंय आणि पाण्यासारखे डाग पडतायत, हे जुलाब असतीलच असं नाही. गुदद्वाराशी कडक मळाचा गोळा अडकला की वरचं पातळ त्याच्या कडेने झिरपतं. ओव्हरफ्लो म्हणतात त्याला. जुलाबाची गोळी दिली की आतडं अजून थंडावतं. आणि तोच गोळा पुढे मूत्राशयाच्या तोंडावर दाबतो, नळीतून लघवी नीट उतरत नाही आणि कडेने गळते. म्हणजे तुमच्या वहीतल्या चार नोंदी एकाच गोष्टीच्या असू शकतात. खात्री मात्र हाताने तपासल्यावरच होते, ती डॉक्टर किंवा घरी येणाऱ्या नर्सबाई करतील. मावशींना बोट घालून काढायला सांगू नका. म्हाताऱ्या माणसाची नाडी त्याने एकदम मंदावू शकते.

औषधं कोणती चालू आहेत? आणि अजून सांगितलं नाहीत, नळी का घातली?

घाईतली (६:२४)
अहो सांगितलं ना, ऑपरेशननंतर.

उनाड_पाखरू (६:२५)
कुठे सांगितलंत? कसलं ऑपरेशन?

घाईतली (६:२८)
खुब्याचं. पडले होते, उजवा खुबा, बॉल बदललाय. वय ७८. दुखण्याची गोळी ट्रॅमाडॉल, लोहाची गोळी, बीपीची. प्रोस्टेट थोडं मोठं आहे, म्हणून नळी ठेवूनच घरी सोडलं.

जुनी_सिस्टर (६:३३)
सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगितलीत. @निवांत_काका, तुमचं स्टूल आता बाजूला ठेवा. असा खुबा बदलल्यावर सुरुवातीचे आठवडे मांडी ९० अंशांच्या वर दुमडू देत नाहीत, सांधा निखळू शकतो. यांना उंच कमोड खुर्ची लागते, उकिडवं चालणार नाही. आणि इसबगोल पाणी शोषून फुगतं. ज्याच्या वाटेत गोळा बसलाय, त्याला ते दिलं तर अडथळ्यावर अजून भर.

ट्रॅमाडॉलने बद्धकोष्ठ होतंच, लोहानेही होतं. लोहाने संडास काळपट हिरवी होते तेवढं चालतं. डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची झाली तर मात्र ते रक्त असू शकतं, तेव्हा थांबायचं नाही.

निवांत_काका (६:४१)
मी पूर्ण विज्ञानाच्या विरोधात नाही. पण अ‍ॅलोपॅथीत एक गोळी द्यायची, तिच्यासाठी दुसरी, दुसरीसाठी तिसरी. एरंडेल तरी द्या मग.

भरड (६:४४)
काका, खुबा मोडल्यावर ट्रॅमाडॉल न देता एरंडेल चोळायचं का?

परळचा_केमिस्ट (६:५०)
बॅगेचं बघा आधी. बऱ्याच केसेसमध्ये नळी पायाखाली दबलेली किंवा पिळलेली असते. बॅग मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकायला नको. चाळीत पलंग बुटका असतो, लोक सरळ लादीवर ठेवतात. आमच्याकडे बॅगेचा हँगर मागायला कोणी येत नाही, सगळे सुतळीने बांधतात.
क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) मारून ठेवा दिवसातून दोनदा, मूत्राशयाला सवय होते.

जुनी_सिस्टर (६:५४)
नळी तपासा, हे बरोबर. क्लॅम्प नको. आम्हीही पूर्वी मारायचो, पण थोड्या दिवसांच्या नळीला त्याचा फायदा दिसलेला नाही. आणि इथे आधीच लघवी कडेने येतेय. त्यात क्लॅम्प मारून विसरलं कोणी तर?

ताई, आता आकडा बघा. मोठ्या माणसाला किलोमागे तासाला अर्धा मिली तरी लघवी व्हायला हवी. ६० किलोला तासाला ३०, बारा तासांत ३६०. तुमचे २२० कमी दिसतात, पण अंडरपॅडमध्ये गेलेली त्यात धरलेलीच नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर ओल्या पॅडच्या वजनातून कोऱ्या पॅडचं वजा करा. १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिली.

घाईतली (७:०५)
दोन्ही मिळून २८० ग्रॅम जास्त भरलं. आई मला वेडी समजतेय. नळी मांडीखाली होती, काढली, अजून थोडी उतरली.

जुनी_सिस्टर (७:०८)
म्हणजे ५०० च्या आसपास. मूत्रपिंड काम करतंय, वाट अडलीय. डॉक्टरांना हेच शब्द सांगा: नळीच्या कडेने गळतंय, चार दिवस संडास नाही, पातळ डाग, पोट फुगलंय, ट्रॅमाडॉल चालू. थंडी वाजून ताप, उलट्या, असंबद्ध बोलणं, किंवा बॅगेत काहीच नाही आणि ओटीपोट दगडासारखं, यातलं काही झालं तर ८ ची वाट न बघता रुग्णालयात.

चष्मिष (७:१२)
अवांतर, पण आमच्या आजीची युरोबॅग (लघवीची बॅग) चक्क जांभळी झाली होती! घाबरून सगळी वाडी गोळा. आहारातल्या एका घटकाचे आतड्यात तुकडे होतात, ते लघवीत उतरतात आणि नळीतले जंतू त्यापासून निळा आणि लाल रंग बनवतात, असं डॉक्टर म्हणाले. बरेच दिवस नळी आणि त्यात बद्धकोष्ठ असलेल्या बायकांत जास्त दिसतं.

खारदांडा (७:१५)
फोटो आहे का?

भरड (७:१६)
जेवायची वेळ झालीय रे.

मुलुंडकरीण (७:३०)
डायपर पुल-अप घेऊ नका, चिकटपट्टीचे घ्या, झोपलेल्या माणसाला बदलायला सोपे. बेडपॅन, कमोड खुर्ची प्रिन्सेस स्ट्रीटला स्वस्त. भाड्याने हवं तर विभागातल्या मंडळांकडे विचारा, अनामत घेऊन देतात.

घाईतली (९:५०)
डॉक्टरांचा फोन आला, नर्सबाई पाठवल्या. गोळाच होता. डाव्या कुशीवर वळवून, गुडघ्यांमध्ये उशी ठेवून एनिमा दिला. पडदा लावला होता तरी बाबा भिंतीकडे बघत 'खिडकी लावा, शेजारी ऐकतायत' म्हणत होते. बराच वेळ लागला. नंतर बॅगेत एकदम ३५० आली, पॅड कोरडं. ट्रॅमाडॉलऐवजी दुसरी गोळी दिलीय आणि रात्री लॅक्टुलोज, पोट साफ व्हायचं औषध.
नवीन मावशी आल्यात, चांगल्या वाटतात, पण इंग्रजी येत नाही म्हणतात. वही कशी लिहायची? आणि गुरुवारी नळी काढणार आहेत, तेव्हा काय बघायचं?

जुनी_सिस्टर (१०:१०)
मराठीत लिहू दे. 'संडास: झाली / नाही / फक्त डाग', झाली तर कडक, मऊ की पातळ. 'लघवी: बॅगेत किती, पॅडवर किती, रंग'. बॅग दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची, खालची तोटी कशालाही टेकवायची नाही, आधी आणि नंतर हात धुवायचे. रोज साबण-पाण्याने नळीभोवती पुसायचं. पुरुषांत लिंगाच्या टोकावरची कातडी मागे सरकवून पुसली की आठवणीने पुन्हा पुढे आणायची. ती मागे राहिली तर सूज येऊन अडकते, मावशींना हे स्पष्ट शब्दांत सांगा, लाजू नका.

नळी काढल्यावर वेळ लिहायची. त्यानंतर पहिली लघवी किती वाजता, किती मिली, जळजळ, रक्त. सहा ते आठ तासांत झाली नाही, किंवा थोडी थोडी सारखी होतेय आणि ओटीपोट फुगतंय, तर लगेच डॉक्टरांना फोन. प्रोस्टेट मोठं आहे, म्हणून नळी काढायची वेळ सकाळची मागून घ्या. संध्याकाळी काढली तर अडचण रात्री २ ला येते.

परळचा_केमिस्ट (१०:२२)
सकाळची वेळ, +१. लॅक्टुलोजला चव गोड असते, मधुमेह असेल तर डॉक्टरांना सांगा. मधुमेह आहे का? तेही लिहिलं नाहीये.

घाईतली (१०:३१)
हो, आहे की.