पुलापलीकडचं भाट्ये

कुणीतरी लिहिलंय, शहराजवळ शांतपणे राहायचं म्हणजे दोन्हीकडून तोटा. मला नाही पटलं. रत्नागिरीत नोकरी, म्हणून मी शेजारच्या भाट्ये गावात खोली घेतली. काजळी नदीवरचा पूल ओलांडला की सुरूचं बन, नारळ संशोधन केंद्र, पार टोकाला झरीविनायकाचं देऊळ. बस, संपलं. रिक्षाने शहर हाकेच्या अंतरावर.

पहिलं वर्ष वाईट गेलं, लपवत नाही. खाऱ्या वाऱ्याने सायकलची चेन गंजली, कपडे आठ-आठ दिवस ओले. (कोकणात पावसाळ्यात येऊन घर बघावं, डिसेंबरात नव्हे!)

मग मे महिन्यात शेजारच्या काकूंनी अंगणात सुपात कोकमाची सालं वाळत घातली. रोज कोकमाच्याच रसात बुडवायची, परत उन्हात. पुन:पुन्हा, काळी पडेपर्यंत. एके दिवशी त्या लग्नाला निघाल्या आणि म्हणाल्या, "पाऊस आला तर सूप आत घ्याल ना हो?" दुपारी ढग भरून आले, ऑफिसमधून पळत सुटलो. सूप उचललं, हात तांबडे झाले, दोन दिवस डाग गेला नाही.

आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा खाडी गप्प होते. हल्ली त्या दिवसांत चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.