सॉक्स५ पॅच : नाव फार लांब असेल तर त्रुटी द्यावी की गुपचूप दुसरी वाट धरावी?

धागाकर्ता : आमच्या डाउनलोड साधनाला सॉक्स५ प्रॉक्सीची (आपल्या वतीने जोडणी करणाऱ्या मध्यस्थ सर्व्हरची) जोड देणारा पॅच (कोडमधला प्रस्तावित बदल) माझ्याकडे तपासणीसाठी आला आहे. होस्टचे, म्हणजे जिथे जायचे त्या सर्व्हरचे, नाव २५५ बाइटांहून लांब असल्यास ते प्रॉक्सीकडे न पाठवता आपल्याच यंत्रावर त्याचा आयपी पत्ता शोधावा आणि काम पुढे चालू ठेवावे, अशी तजवीज त्यात आहे. बाकी कोड नीटनेटका असला तरी एवढ्या कारणासाठी तो परत पाठवावा, असे माझे मत आहे. ज्याने नावाचा शोध प्रॉक्सीकडे सोपवला, त्याला आपण कुठे जातो हे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या स्थानिक डीएनएस सर्व्हरला बहुधा कळू द्यायचे नसते.

प्रतिसाद १ : हा आग्रह अवाजवी वाटतो. १९९६ च्या आरएफसी १९२८ ने, म्हणजे सॉक्स५ च्या मानक दस्तऐवजाने, नावाच्या लांबीसाठी एकच बाइट ठेवला, म्हणून २५५ ची ही मर्यादा प्रोटोकॉलची; तिच्यासाठी वापरकर्त्याला का अडवायचे? कर्ल या प्रसिद्ध डाउनलोड साधनातही हीच पद्धत होती. लॉगमध्ये इशारा लिहावा आणि पॅच घ्यावा.

धागाकर्ता : कर्लचा दाखला तर माझ्याच बाजूचा आहे. २०२० मध्ये ७.६९.० आवृत्तीत सॉक्सची जोडणी स्टेट मशीनवर (टप्प्याटप्प्याने, मध्ये थांबत चालणाऱ्या रचनेवर) नेली, तेव्हा ‘पत्ता स्थानिक पातळीवर शोधायचा’ हा निर्णय एका लोकल व्हेरिएबलमध्ये (फंक्शन बोलावले की दर वेळी नव्याने सुरू होणाऱ्या चलात) राहिला. प्रॉक्सीने उत्तराला उशीर केला की फंक्शन पुन्हा बोलावले जाई, व्हेरिएबल मूळ किमतीवर येई आणि ते लांबलचक नाव अपुऱ्या बफरमध्ये (मेमरीतल्या ठरावीक जागेत) कॉपी होऊन बाहेर सांडे. सीव्हीई-२०२३-३८५४५ या क्रमांकाने नोंदलेली सुरक्षेतली उणीव ती हीच. ऑक्टोबर २०२३ मधील ८.४.० आवृत्तीने ही पर्यायी वाटच काढून टाकली आणि सरळ त्रुटी देणे पत्करले.

प्रतिसाद २ : शिवाय डीएनएसमधले नाव लिहिताना २५३ अक्षरांपलीकडे जाऊच शकत नाही. म्हणजे ही सोय ज्यांच्यासाठी केली, ते वापरकर्ते जवळपास नाहीतच. एवढे लांब नाव रीडायरेक्टमधून (दुसऱ्या पत्त्याकडे वळवणाऱ्या उत्तरातून) मुद्दाम पाठवणारा मात्र असू शकतो.

प्रतिसाद १ : त्रुटी द्यावी, हे मान्य. पण फुरसतीत काम करणाऱ्याला चार ओळींसाठी पुन्हा फेरी का? तपासणाऱ्यानेच त्या काढाव्यात.

धागाकर्ता : ओळी मी काढीन. परंतु उत्तर तुकड्यातुकड्यांनी देणाऱ्या संथ प्रॉक्सीवरची चाचणी पॅचमध्ये नाही, आणि ती ज्याने हा कोड लिहिला त्यानेच लिहावी. तोवर मंजुरी देणार नाही.